लोहाऱ्यातला बस्ता

माझा थोरला भाऊ निम्मे आयुष्य सोलापुरातल्या एका मोठ्या कापड दुकानात गादीवर बसला. गादीवर बसणे म्हणजे मालक असणे नव्हे. मालक गल्ल्यावर बसतो. पांढरी चादर घातलेल्या गादीवर मांडी घालून गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडणारा माणूस पगारी असतो.

दुकान बस्त्यासाठी प्रसिद्ध होते. बस्ता म्हणजे लग्नाआधी दोन्ही घरांनी एकत्र बसून करायची कापडखरेदी. नवरीच्या साड्या मुलाकडचे घेतात, नवरदेवाचा पोशाख मुलीकडचे. शिवाय मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या, करवल्यांचे कपडे. एका बस्त्याला दोन गाड्या भरून माणसे येतात आणि दिवस जातो.

भाऊ या कामात वाकबगार होता. समोर बायकांचा घोळका बसला की त्यांतली निर्णय घेणारी कोण, हे तो थोड्याच वेळात ओळखायचा. ती बहुधा सर्वांत कमी बोलणारी असे. साडी उलगडल्यावर बाकीच्या जिच्या तोंडाकडे बघतात, ती. पुढची साडी तो तिच्या पुढ्यात टाकायचा. मी त्याच शहरात वर्तमानपत्रात नोकरीला होते. दुपारच्या पाळीआधी कधी दुकानात गेले, तर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्याचे काम बघत असे.

लोहारा तालुक्यातली माणसे दुकानात शिरली की त्यालाच विचारायची. तो आमच्याकडचा. त्याच्यासमोर बसलेल्या बायकांचे बोलणे अजून कानात आहे.

“दादा, लेकीला दाखवतूस तसं दाखव. सुनेला दाखवतूस तसं नको.”

“सुनेसाठीच आलीस न्हवं?” शेजारची म्हणाली. “लेकीला तर तू फोनवरनं मागवलीस.”

“तिला फोनवरचीच आवडती. मी काय करू?”

“मग सुनेलाबी फोन दे एक.”

भाऊ हसत नसे. हसला तर कुणाच्या तरी बाजूचा ठरला असता. तो नुसती पुढची घडी मोडायचा.

स्वतःचे दुकान काढायचा विचार त्याने मला बसस्टँडसमोरच्या टपरीवर चहा पिताना सांगितला. “बाई,” तो म्हणाला. तो मला लहानपणापासून बाईच म्हणतो. “आपल्याकडची माणसं पहाटं उठून, गाडी करून इथं येत्यात. बायका उन्हात, लेकरं वाटंनं उलट्या करत. कशापायी? मी हाय म्हणून. मग मीच तिकडं गेलो तर?”

मला त्यात काही चुकीचे दिसले नाही. त्या काळात पुरवणीतले एक साप्ताहिक सदर संपादनासाठी माझ्या टेबलावर येत असे. नवा धंदा सुरू करणाऱ्यांनी कोणत्या चुका टाळाव्यात, हा त्याचा विषय. लिहिणारे गृहस्थ स्वतः व्यापारी होते आणि लिहिणे मुद्द्याला धरून असे. माहीत नसलेल्या धंद्यात पडू नये. नात्यात भागीदारी करू नये. घर आणि दुकान वेगळे ठेवावे. जागा घेताना भाड्याआधी रस्ता बघावा. भावाला मी हे सांगितले तेव्हा त्याने प्रत्येक गोष्टीवर मान हलवली. धंदा त्याच्या हाताखालून गेलेला होता. भागीदार नव्हता. जागा लोहाऱ्यात तहसील कचेरीच्या पुढे, थेट रस्त्यावर मिळत होती. उधारी ठेवायची नाही, हे त्याने स्वतःहून ठरवले होते. गिऱ्हाईक कोण हे आधी ठरवावे, असेही एका लेखात होते. त्याचे उत्तर त्याच्यापाशी माणसांसकट तयार होते. सास्तूरचे कोणते घर, जेवळीचे कोणते, कुणाची मुलगी लग्नाला आली आहे, हे त्याला तोंडपाठ होते.

दुकान सुरू झाले तेव्हा सगळी ओळखीची माणसे येऊन गेली. नारळ आले, हार आले. बायकांनी एकेक साडी घेतली. पुढेही सणाच्या साड्या, ब्लाउजपीस, आहेराच्या टोप्या विकल्या जात राहिल्या. पण त्यावर चालणारे ते दुकान नव्हते. भिंतभर लावलेला माल बस्त्याचा होता. भारी शालू, पैठण्या, जरीकाठी. तो एकेकटीने घ्यायचा माल नव्हे.

बस्ते आले नाहीत.

माणसे मात्र येत. लग्न ठरलेल्या घरातली आई, चुलती दुपारी दुकानात यायच्या, निवांत बसायच्या, चहा घ्यायच्या. भाऊ साड्या उलगडायचा. त्या पदर हातात घेऊन बघायच्या, भाव विचारायच्या, माल चांगला आहे म्हणायच्या. मग काही दिवसांनी सकाळी त्यांची गाडी दुकानावरून सोलापूरकडे जायची. बायकांच्या डोक्यात गजरे असायचे. संध्याकाळी तीच गाडी टपावर गाठोडी घेऊन परत यायची. कुणी लपूनछपून जात नसे. एकदा एकाने गाडी थांबवून खिडकीतून भावाला विचारले, “दादा, तुमीच चला की संगं. तुमाला कापड कळतंय.”

“दुकान कोण बघंल?”

“ठिवा की बंद एक दिवस. गिऱ्हाईक तरी कुठं हाय?”

माणूस मनाने वाईट नव्हता. त्याला खरेच भाऊ बरोबर हवा होता.

गावात कारणे सांगणारे पुष्कळ होते. आता सगळे फोनवर मागवतात, असे म्हणणारे सर्वांत जास्त. पण फोनवर बस्ता बांधत नाहीत. कुणी म्हणाले, दुकानाचे तोंड बदला. कुणी म्हणाले, पाटी मोठी करा. भावाने पाटी मोठी केली.

एक बस्ता आला, तेव्हा मी रजेवर घरी होते. सास्तूरचे घर, मुलीकडचे. भूकंपानंतर नव्याने बसवलेल्या गावातल्या सरळ ओळींपैकी एका ओळीत त्यांचे घर आहे. भाऊ त्यांना पूर्वीपासून ओळखत होता. त्यांनी मुलाकडच्यांना लोहाऱ्यात यायला राजी केले होते. सकाळी दोन्हीकडची माणसे आली, गादीवर बसली. भावाने पहिली साडी उलगडली आणि दारात सावली पडली. मुलीच्या आईच्या एक चुलत जाऊबाई, सास्तूरच्याच, काही कामाने तहसीलला आल्या होत्या. बाहेर ओळखीची गाडी दिसली म्हणून आत डोकावल्या.

“अगं बया, बस्ता हाय व्हय? आमाला कळलं न्हाय.”

त्यांना बोलावलेले नव्हते. पण ये म्हणण्यावाचून इलाज नव्हता. त्या बसल्या. त्यांच्या पाठोपाठ बाजाराला आलेल्या भावकीतल्या आणखी दोघीतिघी आल्या. गादीवर दाटी झाली. मुलाच्या आईने एक साडी हातात घेतली तशी चुलत जाऊबाई म्हणाल्या, “थोरल्या लेकीला तर तिच्या सासरच्यांनी ह्याहून लई भारी घेतलीती. आठवतंय न्हवं?”

मुलाच्या आईने साडी खाली ठेवली. त्यानंतर भाऊ प्रत्येक साडी उलगडत होता आणि कुणी हात लावत नव्हते. ज्या बाईकडे सगळ्यांनी बघावे ती बाई भिंतीकडे बघत होती. दुपारपर्यंत नवरीची एक साडी आणि टोप्या, एवढेच झाले. “बाकीचं मागनं बघू,” असे म्हणून माणसे उठली. बाकीचे त्यांनी त्याच आठवड्यात सोलापूरला जाऊन घेतले. कुणाला कितीची साडी घेतली, याची चर्चा मात्र संध्याकाळी सास्तूरच्या पारावर होती.

भाऊ म्हणाला, लोकांना वळण नाही. त्याने दुकानाच्या काचेला आतून पडदा लावला. मग लोक विचारू लागले, आत काय चाललंय. पडदा काढला.

त्याच्या मुलीचे लग्न ठरले ते यानंतर. मुलगा नळदुर्गजवळच्या गावातला, शेती असलेल्या घरातला, चांगली माणसे. भावाने मला फोनवर लग्नाची बातमी सांगितली आणि लगेच दुसरे वाक्य बोलला. “बाई, आपल्या घरचा बस्ता आपल्या दुकानात व्हायचा. एकदा लोकांनी बघितला की त्यांची भीड मोडंल.” या एका बस्त्यावर दुकान राहणार की जाणार, हे त्याने मनाशी ठरवले होते. वहिनीलाही ते ठाऊक होते. तिने गादीच्या चादरी धुवून निळीत घातल्या. भावाने मुलीसाठी गर्द हिरवा शालू बाजूला काढून ठेवला. मुलीने तो अंगावर धरून आरशात बघितला आणि घडी तशीच ठेवून दिली, मोडली नाही.

तारीख काढायला मुलाकडचे आले तेव्हा मी होते. जेवणे झाली. पुरुष बाहेरच्या खोलीत, बायका उंबऱ्याशी. भावाने विषय काढला.

“बस्त्याचं म्हणाल तर, लांब कशाला जायचं? घरचंच दुकान हाय.”

मुलाचे वडील सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही. उत्तर उंबऱ्यावरून आले, मुलाच्या आत्याकडून. वयस्क बाई, त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा.

“पाव्हणं, एक विचारू? राग मानू नका.”

“विचारा की.”

“नवरीच्या साड्या घ्यायच्या आमी. व्हय ना? आन् त्या तुमच्या दुकानातनं घेतल्या, तर उद्या मांडवात लोक काय म्हणत्याल? सासरची साडी म्हणत्याल, का बापानंच नेसवली म्हणत्याल?”

“तुमी इकत घेतलेली, तुमचीच,” भाऊ म्हणाला. “म्हणाल तर भाव मी बाजारापेक्षा कमी लावतो.”

“मग तर न्हायच.” आत्या हसल्या. “कमी लावला तर आमी व्याह्याची मेहरबानी घेतली. पुरा लावला तर घासाघीस कुणासंगं करायची? पोरीच्या बापासंगं? केली तर नाव आमचं जातंय. न्हाय केली तर आमच्या बायका जलमभर म्हणत्याल, फसलो.”

“बरुबर हाय,” वहिनीच्या शेजारी बसलेली आमचीच एक मावशी म्हणाली. आपण कुणाकडच्या हे लक्षात आले तशी ती तांब्या उचलून आत गेली.

मुलाच्या वडिलांनी सुपारीचे तबक भावापुढे सरकवले. “व्याही, दुकान चांगलंच हाय तुमचं. टोप्या, टावेल तिथलंच घेऊ. पण साड्यांचं बायकांवर सोडा.”

भावाने सुपारीचे एक खांड उचलले. मग म्हणाला, “बरुबर हाय तुमचं. सोलापूरला जाऊ.” आवाजात काही नव्हते. गिऱ्हाईक उठून चालले की तो याच आवाजात या म्हणायचा.

पाहुणे गेल्यावर मुलगी म्हणाली, “पप्पा, मला तुम्ही ठेवलेलीच पाहिजे.”

“ती आता न्हाय जमायची.”

“नंतर नेसेन. पूजेला.”

“पूजेचीबी त्यांचीच असती.” तो दुकानाची किल्ली घेऊन बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तेव्हा हिरवा शालू विक्रीच्या फळीवर होता.

बस्त्याच्या दिवशी तो आला. बापाला यावेच लागते. त्याच्या जुन्या दुकानात जायचे का, असे मुलाकडच्यांनी विचारले, तिथे ओळख आहे म्हणून. त्याने नको म्हटले. कुणाचीच ओळख नसलेल्या दुसऱ्या दुकानात आम्ही गेलो. जिना चढून वरचा मजला, लांबलचक गादी, समोर एक तरुण विक्रेता. भाऊ भिंतीला टेकून बसला. एका साडीकडे त्याचा हात आपोआप गेला आणि त्याने तो मागे घेतला.

सुरुवातीला दोन्हीकडच्या बायका वेगवेगळ्या बसल्या होत्या. साड्या पडू लागल्या तसतशा सरकत गेल्या. बैठकीला ताठ बसलेल्या त्याच आत्यांनी एक साडी उचलून वहिनीच्या खांद्यावर टाकली. “व्हैनी, तुमी नेसा बघू. रंग लेकीनं तुमचाच घेतलाय.” वहिनी लाजली. मग भाव सुरू झाला आणि दोन्हीकडच्या बायका एक होऊन त्या विक्रेत्यावर तुटून पडल्या.

“मावशी, परवडत नाही.”

“तुला परवडत नसंल तर मालकाला बोलव. तुझं लगीन झालंय का?”

“नाही अजून.”

“मग तुला काय कळतंय. तुझ्या बस्त्याला ये आमच्याकडं, तवा बोलू.”

सगळे हसले, विक्रेताही. नवरी मान खाली घालून हसत होती. कुणाची साडी कितीची, हे विचारायला तिथे शेजारीण नव्हती. सोबत कोण आले आणि कोण राहिले, हे ठरवूनच माणसे गाडीत बसली होती. त्या मजल्यावर त्यांना कुणी ओळखत नव्हते, म्हणून त्यांना एकमेकांची ओळख करून घेता येत होती.

दुपारी सगळे जेवायला खालच्या हॉटेलात गेले. भाऊ जिन्यात रेंगाळला. मी मागे होते.

“बाई,” तो म्हणाला, “मला वाटायचं, मी लांबचा रस्ता वाचवतोय त्यांचा.”

“हं.”

“त्यांना लांबच जायचं असतंय. मी गादीवर बसून आयुष्यभर हेच बघितलं. पण माझं ध्यान साडीकडं.” एक पायरी उतरून तो म्हणाला, “आन् माणसं माझ्याकडं यायची ती मी गावचा म्हणून न्हवं. मी सोलापुरात होतो म्हणून.”

खालून वहिनीची हाक आली, ताटे वाढली म्हणून.

परतताना गाड्या अणदूरला थांबल्या. वर्षातले काही महिने खंडोबा नळदुर्गला असतो, बाकीचे अणदूरला. तेव्हा तो अणदुरात होता. बस्त्यातली नवरीची साडी खंडोबाच्या पायाशी ठेवली, भंडारा लावला. दोन्हीकडचे कुलदैवत एकच निघाल्याचा आत्यांना आनंद झाला होता. भाऊ पुरुषांच्या रांगेत उभा राहून दर्शन घेऊन आला आणि गाडीत बसून राहिला.

लग्न नीट पार पडले. टोप्या आणि टॉवेल त्याच्याच दुकानातले होते.

दुकान त्याने उन्हाळा संपता संपता बंद केले. भारी माल सोलापूरच्या व्यापाऱ्याने उचलला. पाटी उतरवताना समोरच्या चहावाल्याने विचारले, “काय चुकलं म्हणायचं, दादा?” भाऊ म्हणाला, “काय न्हाय. जागा चुकली.” चहावाला म्हणाला, एवढी रस्त्यावरची जागा. भावाने ते पुढे समजावून सांगितले नाही. पुरवणीतल्या त्या सदरात हा मुद्दा कधी आला नव्हता. ते सदर चालू होते. मी ते संपादित करत होते आणि त्यात लिहिलेले सगळे खरे होते.

जुन्या मालकाने त्याला परत घेतले. सोमवारी पहाटेच्या एसटीने तो येतो, आठवडाभर सोलापुरात खोली घेऊन राहतो. वहिनी गावी एकटी असते. परत गादीवर बसल्यावर आपली माणसे आपल्याकडे येतील, हे त्याने धरले होते. एका दुपारी मी तिथे होते तेव्हा सास्तूरकडची माणसे जिना चढून आली. लोहाऱ्याच्या दुकानात यांतल्याच दोघींनी चहा घेतला होता. भावाने सरकून जागा केली, हातानेच या म्हटले. त्यांच्यातल्या मोठ्या बाईने त्याच्याकडे बघितले, मग बाकीच्यांकडे.

“दादा, बरं हाय न्हवं?”

“बरं हाय. बसा की.”

“बसतो. आमी जरा तिकडं बसतो. इथं पंख्याचं वारं लागत न्हाय.”

पंखा भावाच्या डोक्यावरच होता. त्या पलीकडच्या विक्रेत्यासमोर बसल्या, पाठ इकडे करून. त्यांनी त्याचा चहा घेतला होता, माल बघितला होता आणि घेतला नव्हता. आता त्याच्यासमोर भाव करणे त्यांना अवघड होते. पूर्वी तो सोलापुरात भेटणारा लोहाऱ्याचा एक माणूस होता. मधल्या काळात तो त्यांचा शेजारी होऊन आला होता.

तो दिवस असाच गेला आणि पुढचे हंगामही असेच गेले. आमच्या तालुक्याची माणसे येतात, विचारपूस करतात आणि दुसरीकडे बसतात. मालकाच्या हे ध्यानात आले आहे. कर्नाटकाकडून येणारी गिऱ्हाइके आता भावाकडे पाठवली जातात. सीमेजवळ वाढल्यामुळे त्याला कामापुरती कानडी येते.

गेल्या आठवड्यात मी गेले तेव्हा त्याच्यासमोर तिकडचेच एक कुटुंब बसले होते. एक म्हातारी सगळ्यांत मागे, न बोलता. त्याने मला हाताने थांब म्हणून खुणावले, तिच्या बाजूला थोडा वळला आणि कानडीत काहीतरी विचारत पुढची साडी उलगडली.